लुटुपुटीच्या लढाईतला नाईक

दिवाळीची सुटी लागली की आमच्या अंगणात विटा, माती आणि जुनी गोणपाटे यांची जमवाजमव सुरू होते. पोरे कोपरापर्यंत चिखलाने माखतात, उतारावर अळीव पेरायचे की मोहरी यावर कडाक्याचा वाद होतो, आणि दोन-तीन दिवसांत किल्ला उभा राहतो. मग मावळे मांडण्याचा सोहळा. महाराज सिंहासनावर, तोफा बुरुजावर, भालाईत दरवाजाशी. इतकी वर्षे पाहतो आहे, पण किल्ल्याच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला, एखादा मावळा ठेवलेला मी कधी पाहिला नाही. तिकडे कोण बघणार, असे पोरे म्हणतात. आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

गेल्या दिवाळीला माझा भाचा मुक्कामाला होता. कॉलेजात शिकणारा, अंगाने काटकुळा, चार माणसांत तोंड न उघडणारा पोरगा. रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली ती त्याच्याच आवाजाने. "दुसरी फळी, जागच्या जागी थांबा. पहिली, त्या पडक्या घरापर्यंत चला. मी पडलो तर हुकूम तुझा. ऐकू आलं? मग परत म्हणून दाखव." मी बाहेर येऊन पाहतो तो स्वारी संगणकासमोर, कानांवर हेडफोन, आणि पडद्यावर धुक्यातली डोंगराची धार व चार-सहा पाठमोरे शिपाई. थोड्याच वेळात तो "मेलो" असे पुटपुटला. पण जागचा उठला नाही. गालाला हात लावून आणखी तासभर नुसता ऐकत बसला.

सकाळी चहा घेताना मी त्याला छेडले, "काय रे, मेल्यावर तरी झोपायचंस की!"

तो म्हणाला, "मामा, मग माझ्या माणसांचं पुढं काय झालं, ते मला कसं कळणार?"

या उत्तराने मी गप्प झालो. मास्तराला पोरांचे खेळ म्हणजे वेळेचा सत्यानाश वाटावा, हा धर्मच आहे, आणि मीही त्याला अपवाद नाही. पण 'माझी माणसे' हा शब्द काही पोरखेळातला नव्हे. सुटीभर मिळेल ते वाचले, आणि असे दिसले की या लुटुपुटीच्या लढाईचे कूळ चांगले जुने आणि खानदानी आहे. त्याची पणजी तर आपल्याकडचीच. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशा चार अंगांच्या सेनेचा आपला चतुरंग इराण-अरबस्तानातून युरोपात गेला, त्याचे बुद्धिबळ झाले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या काही हौशी मंडळींनी त्या पटाला डोंगर, नद्या आणि तोफा जोडायला सुरुवात केली.

बुद्धिबळात एक मोठी उणीव आहे. दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. प्रत्यक्ष लढाईत टेकडीपलीकडे काय आहे ते देवालाच ठाऊक! ही उणीव भरून काढली ती राइसविट्झ नावाच्या प्रशियन तोफखान्यातल्या एका तरुण लेफ्टनंटाने. त्याच्या वडिलांनी १८१२ साली राजासाठी एक भले थोरले टेबल करून त्यावर डोंगरदऱ्यांचे साचे मांडायची सोय केली होती. मुलाने टेबल सोडून सरळ लष्करी नकाशे घेतले आणि १८२४ साली आपला खेळ सेनापती म्युफलिंगपुढे मांडला. दोन बाजूंच्या मध्ये एक पंच. खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचे नाही. आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे. दर डाव दोन मिनिटांचा. गोळी लागली की हुकली ते फाशांवर. आणि मुख्य गंमत अशी, की शत्रूच्या ज्या तुकड्या तुमच्या शिपायांना खरोखर दिसतील, तेवढ्याच पंच नकाशावर मांडणार. बाकी सारा अंधार. म्हातारा म्युफलिंग आधी कंटाळल्यासारखा बसला होता. डाव रंगत गेला तसा तो खुर्चीच्या टोकावर आला, आणि हा खेळ नव्हे, ही युद्धाची तालीम आहे, असा निर्वाळा देऊन मोकळा झाला. पुढे पलटणीपलटणींत हा खेळ गेला.

पण हा खेळ वरच्या लोकांचा होता. सेनापती आणि कप्तान यांचा. नकाशावरच्या ठोकळ्यात शेकडो माणसे कोंबलेली असत. त्यांतल्या दहा जणांना घेऊन ओढ्याच्या काठाने पुढे सरकणाऱ्या माणसाला त्यात जागा नव्हती. शिवछत्रपतींच्या पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक असे आणि अशा पाच नाईकांवर एक हवालदार. आजही आपल्या सैन्यात नाईक हा हुद्दा आहे. इंग्रजीत स्क्वॉड लीडर म्हणतात तो मला तरी या नाईकाचाच चुलतभाऊ वाटतो. लढाईचा निकाल बखरीत सेनापतीच्या नावाने लिहिला जातो, पण गवतातून सरपटत जाऊन तो लावायचा असतो नाईकाने.

या धाकट्या माणसाची शिकवण मांडणारे एक चिमुकले पुस्तक १९०४ साली इंग्लंडात निघाले. अर्नेस्ट स्विंटन नावाच्या लष्करी इंजिनियराने ते लिहिले. हाच पुढे रणगाड्याच्या जनकांपैकी एक म्हणून ओळखला गेला. बोअर युद्धात एका कोवळ्या लेफ्टनंटाला पन्नास माणसे देऊन नदीचा एक उतार राखायला सांगितले आहे. रात्री त्याला सहा स्वप्ने पडतात. पहिल्या स्वप्नात तो आसपासच्या शेतकऱ्यांकडून अंडी-लोणी घेतो, त्यांच्याशी गप्पा मारतो, निवांत झोपतो, आणि पहाटेपूर्वी त्याची छावणी बुडते. दुसऱ्या स्वप्नात ती चूक तो करीत नाही, पण नवी करतो. एकदा तर खंदक असा खणतो की तोंडासमोरून वाऱ्याचेही भय नाही, पण पाठ सताड उघडी. गोळ्या येतात त्या मागच्या टेकडीवरून. पाच वेळा हरल्यावर सहाव्या स्वप्नात त्याला तो उतार राखता येतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो: एकाच नायकाला एकाच जागी पाच वेळा तोंडघशी पाडून वाचकाला धरून ठेवायचे, हे सोपे काम नाही.

स्वप्नात पाच वेळा मरता येते. खऱ्या समुद्रावर एकदाच. आता मी ज्या प्रकरणाकडे वळतो, ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते.

१९४१ संपत आले होते. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या, यू-बोटी, इंग्लंडकडे अन्न आणि तेल घेऊन निघालेल्या जहाजांचे तांडे फाडून काढीत होत्या. त्या व्यापारी जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, गोव्याचे आचारी आणि बटलर होते. युद्धात हजारो भारतीय दर्यावर्दी बुडाले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. तांड्याबरोबर संरक्षक नौका असत. पण रात्री अंधारात कोठूनसा पाणतीर येई, तेलवाहू जहाज पेटे, आणि संरक्षक नौका सुचेल तिकडे धावत सुटत. शौर्याची वाण नव्हती. चौघांनी मिळून एका क्षणी काय करायचे, याची तालीम नव्हती.

गिल्बर्ट रॉबर्ट्‌स नावाचा एक नौदल अधिकारी होता. क्षयरोगामुळे १९३८ साली त्याला नोकरीतून काढले होते. १९४२ च्या जानेवारीत त्याला लिव्हरपूल येथे, डर्बी हाउस या आरमारी ठाण्यावर, वरच्या मजल्यावरची जागा देण्यात आली. आणि हाताखाली मिळाल्या त्या बहुतांशी विशीतल्या मुली. आरमाराच्या महिला दलातल्या या मुलींना 'रेन' म्हणत. त्यांतल्या बहुतेकींनी समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरून.

रॉबर्ट्‌सने जमिनीवर लिनोलियम अंथरले, त्यावर रेघा आखून समुद्र केला, लाकडाच्या चिमुकल्या नौका केल्या. भोवताली कापडी पडदे बांधले आणि त्यांना बारीक खिडक्या ठेवल्या. खेळणारा कप्तान पडद्याआड. खऱ्या समुद्रावर त्या क्षणी त्याला जेवढे दिसले असते, तेवढेच खिडकीतून दिसायचे. जहाजांच्या वाटा पांढऱ्या खडूने काढीत. पाणबुडीच्या हिरव्या खडूने, म्हणजे पडद्याआडून त्या लिनोलियमच्या रंगात मिसळून जात. दर चालीला दोन मिनिटे. राइसविट्झच्या खेळातही दोनच मिनिटे होती. दोन मिनिटांत विचार करायचा, हुकूम सोडायचा, आणि तो समोरच्याला नीट कळला पाहिजे.

पहिलेच काम या मंडळींनी केले ते झालेल्या पराभवांचा डाव पुन्हा मांडण्याचे. तांड्याच्या मधल्या ओळीतले जहाज बुडते, तेव्हा पाणतीर बाहेरून आला असेल तर अंतराचा हिशेब जुळत नव्हता. मग पाणबुडी आतच असली पाहिजे! पण ती आत शिरली कोठून? खडू, दोरी आणि पट्टी घेऊन जीन लेडलॉ, जॅनेट ओकेल व त्यांच्या सोबतिणी रांगत रांगत चाली मांडत राहिल्या, आणि उत्तर सापडले. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, पाठीमागून येत होती. पहारेकऱ्यांचे डोळे पुढे आणि बाजूंना. मागे कोण बघणार? मारा केला की ती बुडी घेई आणि तांडा डोक्यावरून निघून जाईपर्यंत स्वस्थ राही.

यावर तोड काढली तीही याच जमिनीवर. जहाजाला दणका बसला की कोणी मनाला येईल तिकडे धावायचे नाही. एकाच शब्दासरशी संरक्षक नौकांनी ठरल्या जागा घेऊन तांड्याच्या मागचे पाणी ध्वनियंत्राने चाळायचे. हा शब्द होता 'रास्पबेरी'. इंग्रजांत ओठ फुरफुरवून केलेल्या वात्रट आवाजाला रास्पबेरी म्हणतात. हिटलरला वेडावून दाखवायचे म्हणून लेडलॉने हे नाव सुचवले. आपल्याकडची एखादी खट्याळ मुलगी असती, तर तिनेही असलेच काही नाव ठेवले असते.

फेब्रुवारीपासून सोमवार ते शनिवार असा वर्ग भरू लागला. समुद्रावरून आलेले, खारे वारे खाल्लेले कप्तान या मुलींसमोर बसत. त्यांचे कपाळ आठ्यांनी भरत असेल, यात नवल नाही. पण आठवड्याच्या शेवटी चित्र पालटलेले असे. १९४२ च्या नोव्हेंबरात अॅडमिरल मॅक्स हॉर्टन या भागाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात पाणबुडी चालवून नाव कमावलेला हा जाडजूड अनुभवाचा माणूस. ते पाहणीला आले आणि पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले. पाच डाव खेळले, पाचही वेळा बुडाले. पलीकडे तुम्हाला माझ्या चाली दिसतात, असा संशयही त्यांनी घेतला. तेव्हा पडद्याआडून समोर आणून उभी केली ती जॅनेट ओकेल, विशीच्या घरातली पोर. कल्पना करा! पण हॉर्टनसाहेबांची तारीफ अशी की त्यांनी डाव मोडला नाही, पट उधळला नाही. रॉबर्ट्‌सच्या शाळेला त्यांचा पाठिंबाच मिळाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या लिनोलियमवरून शिकून गेले.

१९४३ च्या मे महिन्यात जर्मनांनी आपल्या पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. हे सारे श्रेय खडूला द्यावे, असे मी म्हणणार नाही. रडार होते, लांब पल्ल्याची विमाने होती, सांकेतिक लिपी फोडणारे होते. पण एका नौकेवरच्या माणसाने अर्धा शब्द उच्चारावा आणि दुसरीने तो पुरा ओळखावा, ही एकजूट काही रडारने येत नाही.

त्याच वर्षी, १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक डाव मांडला होता. जपानच्या 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवे बेटाच्या स्वारीची तालीम चालली होती. पंच होते उगाकी, खुद्द आरमाराच्या सरसेनापतींचे प्रमुख सल्लागार. डाव चालू असता शत्रूची विमाने आली, फासे पडले, आणि नऊ बॉम्ब लागल्याचा कौल मिळाला. 'अकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. उगाकींनी सांगितले, नऊ नव्हेत, तीनच धरा. अकागी तरली. कागा मात्र बुडालीच. पण पुढच्या डावात तीही पुन्हा पटावर हजर! फुचिदा या वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर ही हकीकत लिहून ठेवली आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी याला सरळ 'रडीचा डाव खडी' म्हणून खेळाबाहेर काढले असते. महिनाभराने, जूनच्या ४ तारखेला, मिडवेपाशी अकागी आणि कागा दोन्हींवर खरे बॉम्ब पडले. सोबत आणखी दोन विमानवाहू नौका गेल्या. तेथे फासे फिरवणारा पंच नव्हता.

लिव्हरपूलच्या मुलींपाशी आणि यामातोवरच्या सरदारांपाशी खेळाचे साहित्य जवळजवळ सारखेच होते. फरक पडला तो हरल्याचे कबूल करण्यात, एवढेच मला दिसते.

मधल्या काळात वाळूची टेबले, कवायती, खोटे गोळीबार हे सारे चालू राहिले. पुढे संगणक आला. १९९३ साली 'डूम' नावाचा राक्षस मारण्याचा एक खेळ अमेरिकेत निघाला. १९९७ च्या सुमारास तिथल्या मरीन दलातल्या काही जणांनी त्यातले राक्षस काढून सैनिक घातले आणि चौघांच्या तुकडीला तो एकत्र खेळायला दिला. अखेर नाईकाला पटावर जागा मिळाली. २००१ साली प्रागमधल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या मंडळींनी 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' काढला. त्यात मैलोन्‌मैल रान होते, आणि एका गोळीत खेळ खलास. त्याच्याच हाडामांसाची शिकवणीची आवृत्ती अमेरिकन मरीन आणि ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने घेतली. घरच्या खेळाला पुढे 'आर्मा' हे नाव मिळाले; तिसरा आर्मा २०१३ साली आला, तो भाचा खेळतो. त्यातले बेट ग्रीसच्या लेमनॉस बेटावरून बेतलेले आहे. २०१२ साली त्या कंपनीचे दोघे जण लेमनॉसला गेले असता लष्करी ठाण्यांचे फोटो काढल्याच्या आरोपावरून ग्रीक सरकारने त्यांना धरले. चार महिने कोठडीत काढून २०१३ च्या जानेवारीत ते जामिनावर सुटले. खेळ आणि खरे यांच्यामधली भिंत किती पातळ असते पाहा.

मी भाच्यापाशी बसून त्यांचा एक अख्खा डाव पाहिला. गावोगावची पोरे, कोणी नोकरी करणारे, कोणी शिकणारे. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी जमतात. कोण नाईक, कोण दवादारू करणारा, कोण मशीनगनवाला, हे आधी ठरते. एका जीवावर एक डाव. मेलात की बाहेर. खेळात आवाज अंतराप्रमाणे विरतो, म्हणून पन्नास-शंभर पावलांवरच्या भिडूला हाक पोचत नाही. दूरचे बोलायचे तर बिनतारी यंत्रावर, आणि ते सर्वांनी एकदम वापरले तर नुसता कोंबडबाजार. म्हणून शिस्त अशी, की नाईकाने दोघा फळीप्रमुखांशी बोलायचे, त्यांनी आपापल्या माणसांशी. शत्रू दिसला तर आधी दिशा, मग अंतर, मग काय दिसले ते. 'तो बघा, तो बघा' चालत नाही. माझ्या वर्गात चाळीस मुले एकदम "मी सांगतो, मी सांगतो" करतात, त्याची मला आठवण झाली.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नाईक स्वतः गोळी क्वचितच झाडतो. ज्याला नेम धरण्याचा मोह आवरत नाही, त्याची माणसे वाऱ्यावर पडतात. भाच्याने मागे एकदा हाच प्रमाद केला होता, हे त्यानेच मला सांगितले. समोरच्या एका शिपायावर नेम धरण्यात तो गुंतला, आणि डाव्या फळीचे चौघे हुकमाची वाट पाहत उघड्यावर बसले ते तिथेच संपले.

डाव संपला तरी कोणी उठले नाही. दुखण्याची खरी जागा आता होती. अमेरिकन सैन्याने १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन येथील सरावतळावर एक प्रथा रुजवली: खोटी लढाई संपली की सर्वांनी एकत्र बसायचे आणि काय ठरले होते, काय घडले, का घडले, हे हुद्दा बाजूला ठेवून बोलायचे. ही पोरेही तसेच करतात. आरंभ नाईकाने करायचा, आणि तोही स्वतःच्या चुकीपासून. त्या रात्री माझा अबोल भाचा म्हणाला, "पडक्या घराकडे नेलं ते मी. मागची बाजू बघायला माणूस ठेवला नाही. चूक माझी." पलीकडून कोणी हसले नाही. एक जण म्हणाला, "मला दिसलं होतं, पण मी बोललो नाही. ती माझी." वर्गात आजवर कोणा मुलाने आपण होऊन असे म्हटलेले मला आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर मास्तराने म्हटलेलेही आठवत नाही.

अर्थात हे सोन्याने मढवण्याचे कारण नाही. त्या खुर्चीत थंडी वाजत नाही, पाठीवर ओझे नसते, भीतीने तोंडाला कोरड पडत नाही. आणि मेलेला पोरगा सकाळी फराळाला उठतो. खरी गोळी खाल्लेल्या जवानाने या पोरांना नाईक म्हणावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे मूर्खपणा. भाच्यालाही ते ठाऊक आहे. आमच्या शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांच्यासमोर तो या खेळाचा विषय काढीत नाही. मी एकदा काढला. सुभेदार नुसते हसले आणि म्हणाले, "बोलायला शिकतायत ना? शिकू द्या. आमच्या वेळी ते शिकायला फार किंमत पडली."

वसुबारसेच्या संध्याकाळी किल्ला लिंपून झाला. धाकट्या मंडळींनी मावळे मांडले, सगळे दर्शनी बाजूला. भाचा हात मागे बांधून बराच वेळ बघत उभा होता. मग वाकून त्याने दरवाजावरचा एक भालाईत उचलला, वळसा घालून भिंतीकडे गेला आणि मागच्या उतारावर अळिवात त्याला रोवला.

"तिकडे कशाला, दादा?" धाकटीने विचारले. "तिकडून कोणाला दिसणारसुद्धा नाही."

"त्याला दिसेल," तो म्हणाला, आणि पणती लावायला काडेपेटी शोधू लागला.